शून्याच्या जागी एक

बाबा माझ्या ऑफिसात एकदाच आले, आणि तेही मशीनवर आपलं गाव बघायला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सीबीडी बेलापूरच्या एका छोट्या कंपनीत मी नोकरीला होते. पुढच्या काही दशकांचं हवामान कसं असेल, ते कॉम्प्युटरवर मांडून बघायचं, हे आमचं काम. साऱ्या जगाचं मॉडेल परदेशातून टेपवर यायचं. त्यात सह्याद्री म्हणजे अंगणाचा उतार. कोकणात जसा पाऊस, तसाच साताऱ्यात. आम्ही त्यातले आकडे घेऊन फक्त आपल्या भागाचे बारीक चौकोन पाडायचो. मग घाट उभे राहायचे, पाऊस माथ्यावर कोसळायचा आणि पलीकडचा मुलूख कोरडा पडायचा. आमचे साहेब साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातले. पडद्यावर त्यांचा तालुका कोरडा ठणठणीत दिसला, तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं. स्वतःच्या दुष्काळावर इतका खूश झालेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

आमची शेती खाडीकाठची, खारभाताची. बरीचशी जमीन नव्या शहरात आणि बंदरात गेली, उरली ती बांधामागची. बांध म्हणजे भरतीचं पाणी अडवणारी मातीची भिंत. दर उन्हाळ्यात अख्ख्या गावाने चिखल टाकून ती धड करायची, कारण भिंतीला खांड कुणाच्याही शेतासमोर पडली तरी खारं पाणी सगळ्यांच्याच शेतात शिरतं. पण गावातली पोरं आता न्हावा शेव्याला कामाला जात होती. त्यांचं म्हणणं, पावसाचा भरवसा उरला नाही, आणि पावसाने जमिनीतलं मीठ धुतलं नाही तर भात होत नाही. मग चिखलात कशाला राबायचं? बाबांनी गावाला सांगितलं, माझी मुलगी हवामानाच्या ऑफिसात आहे, तिचं मशीन सांगेल. गावाने मानलं, आणि उत्तर येईपर्यंत बांध तसाच राहिला.

मला संताप आला. मी म्हटलं, आधी बांध घाला, उत्तर कुठे पळून जातंय. ते म्हणाले, उत्तराशिवाय कुणी घमेलं उचलणार नाही. वर्षभर ज्यांच्याशी मी मॉडेलबद्दल चकार शब्द बोलले नव्हते, त्यांनी माझ्या भरवशावर गाव थांबवलं होतं.

तर ते आले. इस्त्रीचा सदरा, खुर्चीच्या काठावर बसलेले. मी त्यांना घाट दाखवले. माथेरानच्या अंगाला पाऊस दाट दिसला तशी त्यांनी मान डोलावली. मग आपलं गाव विचारलं. मी बोट ठेवलं तो चौकोन निळा होता.

"ह्यो त दर्या हाय," ते म्हणाले.

मी समजावलं. चौकोन बारीक म्हणायचे, पण एकेकात आमच्यासारखी कितीतरी गावं बसायची. आमच्या चौकोनात बंदर, खाडी, बेट सगळंच आलं होतं. निम्म्याहून जास्त पाणी, म्हणून सगळाच समुद्र. जमिनीचा आकडा एक, पाण्याचा शून्य; आमच्या वाट्याला शून्य. ते ऐकून घेत होते, पण पटलेलं दिसत नव्हतं. बस स्टॉपवर मात्र म्हणाले, "एवरी शिकलीस, आपलं गाव त जमिनीवर ठेव."

मी ठेवलं. साहेबांना न सांगता शून्याच्या जागी एक घातला आणि मॉडेल पुन्हा चालवलं. मशीन गोगलगाय, त्यात वीज जायची, की पुन्हा पहिल्यापासून. उन्हाळा त्यातच सरला. उत्तर तेच येतं का बघायला सुरुवातीचे आकडे थोडे बदलून मी ते पुन्हा पुन्हा चालवलं. घाटावरचा पाऊस दर वेळी घाटावरच पडला. आमच्या चौकोनात मात्र एकदा वाढला, एकदा घटला, एकदा होता तसाच राहिला. शेत आणि बांध मॉडेलला दिसतच नव्हते, आणि भरती म्हणजे काय हे ठाऊकच नव्हतं.

घरी जाऊन मी जे होतं ते सांगितलं. घाटाचं छातीठोक सांगता येतं, आपल्या गावाचं नाही.

"म्हंजे हो का नाय?" बाबांनी विचारलं.

मी म्हटलं, दोन्ही नाही. ते उठले आणि तसंच गावाला सांगून आले. घमेलं कुणीच उचललं नाही.

श्रावणातल्या उधाणाला खांड पडली. मी पोचले तेव्हा भात पिवळा पडत होता आणि बाबा उरलेल्या बांधावर उभे होते. पुढच्या उधाणाला खांड रुंदावली. मला मशीनचा राग आला, गावाचा आला, बाबांचाही आला, आणि त्या रागाचा कुणालाच उपयोग नव्हता. पुढच्या वर्षी शेतात खाडीतली तिवरं उगवली. बाबा तिकडे जायचे थांबले.

त्यानंतर केव्हातरी साहेब आकडे तपासत होते. त्यांनी विचारलं, किनाऱ्याबाहेर हा एकच चौकोन जमिनीचा कसा?

मी म्हटलं, तिथे आमचं शेत होतं.

"आणि आता?"

मी एक खोडला आणि शून्य केलं.