तोफ गप्प राहिली

आता दंडाला पट्टा गुंडाळला की यंत्र आपोआप रक्तदाबाचा आकडा दाखवतं. सिस्टरांच्या वेळी असलं सुख कुठलं! फुगा दाबून पारा चढवायचा, कानात नळ्या घालायच्या आणि जिवाचा कान करून ऐकायचं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी बाळंतपणाच्या दवाखान्यातली ती तपासणीची खोली त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नाही. गुडघ्यापर्यंतच लोंबणारा हिरवा पडदा, डगमगतं स्टूल, बाहेर बाकावर बायकांची कुजबुज. बायका त्यांना पाठीमागे 'तोफ' म्हणायच्या. सिस्टरांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

तोफेची एक युक्ती होती. पोरीबरोबर सासू, आई, नणंद, जी कोण आली असेल तिला "वरून कागदावर शिक्का आणा" म्हणून पिटाळायचं. शिक्का कसला नि काय! वरचा कारकूनही सामील. दहा मिनिटं सहज रखडवायचा. तेवढ्यात पोरगी मोकळेपणी बोलायची, पोटभर रडायची, आणि बऱ्याच जणींचा दाब उतरायचा.

चष्मेवालीचा मात्र उतरेना. शाळेत शिकवायची ती. दोनदा दिवस जाऊन मूल हाती लागलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला पाचव्या महिन्यात "बाळाचा ठोका लागत नाही गं" हे तिला सिस्टरांनीच सांगितलं होतं. आता तिसरी खेप, सहावा महिना. डॉक्टरांनी बजावलं होतं, दाब असाच राहिला तर बाळाचं काही खरं नाही. सिस्टर सासूला शिक्क्याला धाडायच्या आणि तोफ सुरू व्हायची, "मीठ कमी केलंस का? झोपतेस का? माझ्यापासून लपवू नकोस हं!" जीव तुटायचा म्हणूनच ओरडायच्या बिचाऱ्या.

एकदा सिस्टरांचा घसा बसला. तपासणी नव्या नर्सनं केली. चष्मेवालीचा दाब अगदी व्यवस्थित! सिस्टर हरखल्या. पंधरा दिवसांनी घसा मोकळा झाला, त्यांनी स्वतः पट्टा बांधला, आणि पारा पुन्हा वर. यंत्र तेच, दंड तोच. सिस्टरांनी कपाळावर हात मारला. अगं बाई, म्हणजे ही मलाच घाबरते! सगळ्या जगाला शिक्क्याला धाडलं आणि मीच इथे ठाण मांडून बसले!

त्या दिवसापासून चष्मेवाली आली की पट्टा नवी नर्स बांधायची आणि सिस्टर पडद्याबाहेर उभ्या राहून आकडा ऐकायच्या. तोंडातून ब्र काढायच्या नाहीत. वीस वर्षांत तेवढं अवघड काम त्यांनी केलं नव्हतं. दाब खाली आला तो तसाच राहिला.

मुलगी झाली. धडधाकट, आवाज असा की दोन मजले दणाणले. सिस्टरांना आत जायचा धीर होईना. तिसऱ्या दिवशी चष्मेवालीनंच बोलावणं धाडलं. सिस्टर दारातच थबकल्या, म्हणाल्या, "माझ्यामुळे तुला फार त्रास झाला गं. मला कळलंच नाही."

"तुमचा चेहरा दिसला की तो दिवस आठवायचा, सिस्टर. पण पडद्याखाली तुमच्या चपला दिसायच्या ना, त्या दिसेपर्यंत मी पट्टा बांधूच द्यायची नाही."

तोफेनं बाळाला घेतलं आणि सगळ्या वॉर्डासमोर हमसून हमसून रडली.