नुसती बघत होते

त्यांनी माझ्या बापाच्या हातात दात घासायचा ब्रश दिला आणि रस्ता घासायला लावलं.

व्हिएन्ना शहरातली गोष्ट. जर्मन फौजा येऊन दोन दिवस झाल्ते. आम्ही यहुदी. एवढाच गुन्हा. आमच्याच गल्लीतली पोरं दंडाला पट्टे बांधून आली, आम्हाला जिन्यावरून खाली ओढलं. फरसबंदीवर जुन्या सरकारच्या घोषणा रंगानं लिहिलेल्या होत्या, त्या पुसायच्या. बादलीत काय मिसळलं होतं कुणास ठाऊक, हाताची कातडी सोलून निघाली. बाप घड्याळं दुरुस्त करायचा. हात म्हणजेच त्याचं सगळं. तो गुडघ्यावर, मी शेजारी. भोवती माणसं हसत होती.

मी वर पाह्यलं. खिडकीत होल्झरबाई होत्या. आमच्या शेजारीण. त्यांच्या लेकीला घटसर्प झाल्ता तेव्हा मी अकरा दिवस तिच्या उशाशी बसले होते. मी नर्स होते. बाई हसल्या न्हाईत. ओरडल्या न्हाईत. नुसत्या बघत राह्यल्या. मंग पडदा ओढला.

पुढच्या साली मी एकटी सुटले. निजामाच्या राज्यात, जालन्याला, एका रावसाहेबांनी बायकांचा दवाखाना बांधला होता. त्यांना शिकलेली नर्स पाहिजे होती. एका ओळखीच्या डॉक्टरनं माझं नाव कळवलं. स्टेशनावर बाप म्हणाला, "तू पुढं हो. आम्ही येतोच."

मी जालन्यात आले आणि इंग्रज-जर्मनांची लढाई सुरू झाली. पोलीस ठाण्याचा अमीन माझा पासपोर्ट बघायला आला. त्यावर जर्मनांनी लाल अक्षर मारलेलं, ही यहुदी, आमच्यातली न्हाई म्हणून. अमीन म्हणाला, "आप तो जर्मन हैं. हर जुमेरात को हाजिरी देना." मंग दर गुरुवारी ठाण्यावर हजेरी. शत्रूची बाई म्हणून मला छावणीत टाकणार होते. रावसाहेब जामीन राह्यले म्हणून वाचले.

मला मराठी गिरजाबाईंनी शिकवली. दवाखान्यातल्या सुईण. महारवाड्यातल्या. अडलेलं मूल पोटात फिरवणारा तसा हात मी व्हिएन्नातही पाह्यला न्हाई. पण वऱ्हांड्यातल्या रांजणाला तो हात लावायची बंदी. तहान लागली की त्या पायरीखाली बसायच्या, ओंजळ धरायच्या. दुसरी बाई वरून पाणी टाकायची. अर्धं मातीत जायचं. मी रोज बघायचे. मंग सवय झाली.

आईची पत्रं आधी दर महिन्याला यायची. मंग पंचवीस शब्दांची चिठ्ठी, लढाईत तेवढंच लिहायची मुभा. मंग काहीच न्हाई. लढाई संपल्यावर वाचलेल्या मावसभावानं कळवलं. आईबापाला आगगाडीत चढवून पूर्वेकडं नेलं होतं. त्या गाडीतलं कुणी परत आलं न्हाई.

आमच्यात माणूस गेलं की सात दिवस खाली बसतात. मी गळ्यापाशी झगा फाडला आणि जमिनीवर बसले. गिरजाबाई शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "माती कुठं दिली?"

"माहीत न्हाई."

त्यांनी माझ्या पायावर हात ठेवला. सातही दिवस काम उरकून त्या येत राह्यल्या.

पुढं एक दिवस होल्झरबाईंचं पत्र आलं. मावसभावाकडून पत्ता घेतलेला. जर्मनांना कुणी साथ दिली याची नव्या सरकारनं चौकशी लावलीय, नवऱ्याची नोकरी अडलीय. 'आम्ही तुम्हाला कधी त्रास दिला नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तेवढं लिहून सही करून पाठवा.' मी ते गिरजाबाईंना मराठीत वाचून दाखवलं.

"तिनं काही वाईट केल्तं का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. ती नुसती बघत होती."

त्या कापडाच्या घड्या करत होत्या. हात थांबला न्हाई. "मंग बाई, रागावू नका. तुमी आठ सालं काय करून राह्यल्या?"

छावणीची भीती होती, असं सांगू? होल्झरबाईंनाही भीतीच वाटली असेल.

सकाळी मी म्हणाले, "गिरजाबाई, आजपासून तुमच्या हातानं पाणी घ्या."

"जाळ माझ्या घराला लागंल. तुमच्या न्हाई." खरं होतं ते.

तिसऱ्या दिवशी एका बाळंतिणीनं पाणी मागितलं. पाणी देणारी बाई जवळ नव्हती. गिरजाबाई उठल्या. रांजणात तांब्या बुडवला. आधी तिला पाजलं. मंग स्वतः प्याल्या. उभ्यानं. मी तो तांब्या घेतला आणि उरलेलं प्याले.

रावसाहेब दुपारी आले. "सिस्टर, गिरजानं रांजण बाटवला. तिला काढलं म्हणून लिहा. सही करा."

"न्हाई करणार."

"तुम्ही परदेशी. तुम्हाला इथलं कळायचं नाही."

"एवढंच कळतं मला, रावसाहेब."

"मी तुमचा जामीन राहिलो होतो."

तेही खरं. त्यांचे उपकार मी विसरले न्हाई. सही केली न्हाई. दोघी बाहेर पडलो. गिरजाबाईंच्या नवऱ्याचं रावसाहेबांकडचं काम गेलं. मी म्हणाले, माझ्या बोलण्यापायी झालं. त्या म्हणाल्या, "तुमच्या बोलण्यापायी न्हाई. माझ्या तहानेपायी."

होल्झरबाईंना मी उत्तर लिहिलं. 'तुम्ही खिडकीत होतात. बघत होतात. एवढं लिहून द्यायला मी तयार आहे.' परत पत्र आलं न्हाई.

अंबडच्या रस्त्याला आम्ही पत्र्याची खोली घेतली. पहिला महिना कुणी फिरकलं न्हाई. मंग अडलेल्या बायका यायला लागल्या. दारातच विचारतात, हात कोण लावणार? मी खरं ते सांगते.

वडीगोद्रीकडची एक पोर आली. पहिलटकरीण. मूल आडवं. तिच्या सासूनं विचारलं, मी सांगितलं. सासूनं बैलगाडी वळवली. गिरजाबाई गाडीमागं पळाल्या, "आवो, पोर मरंल," म्हणत. गाडी थांबली न्हाई. पोर वाटेतच गेली.

मी दोन दिवस जेवले न्हाई. खोटं बोलले असते तर? माझा हात म्हणून सांगितलं असतं तर? पोर वाचली असती. हे मी रोज स्वतःला विचारते. पण खोटं बोलून गिरजाबाईंना पडद्याआड उभं करायचं, म्हणजे परत पायरीखालीच बसवायचं.

तिसऱ्या दिवशी दुसरी गाडी आली. म्हातारी खाली उतरली. "हात कोण लावणार?"

"गिरजाबाई," मी म्हणाले.