मीटरवर न आलेली शीळ

कानसेनांना खरं तर त्या दिवशी काम करायचंच नव्हतं. कंबर सकाळपासून धरली होती आणि टेबलावरचं खोकं उघडायचा नुसता विचार केला तरी जांभई येत होती. खोक्यात होता संगणकाचा कूलर. म्हणजे प्रोसेसरच्या डोक्यावर बसवायचा पातळ पत्र्यांचा ठोकळा आणि त्याला लावलेला एक पंखा. पाणी नाही, भानगड नाही, नुसती हवा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'जवळजवळ निःशब्द'. तेवीस वर्षांत त्यांनी असे चारशेच्या वर कूलर तपासले होते, पण आपण आवाज करतो असं कबूल करणारं एकही खोकं त्यांना भेटलं नव्हतं.

कानसेन हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पूर्वी ते रेडिओ दुरुस्त करत. रेडिओ गेले, संगणक आले, आणि एका मासिकाने त्यांना हे तपासणीचं काम दिलं. तिथल्या संपादकाने हे नाव पाडलं, आणि ते चिकटलं. तापमान कोणीही मोजतं, डेसिबलचं मीटरही कोणीही विकत आणतं. पण आकड्यांच्या खाली कानसेन एक वाक्य लिहीत. 'घरघरतो, पण त्रास देत नाही.' 'कण्हतो. झोपायच्या खोलीत नको.' लोक आकडे सोडून तेवढं वाक्य वाचत आणि कूलर घ्यायचा की नाही ते ठरवत. आवाज किती, हे मीटर सांगतं. कसा, हे सांगायला कान लागतो. त्या कानांवर त्यांचं सगळं चाललं होतं आणि त्याचा त्यांना तोराही होता.

दुपारी त्यांनी नेहमीचा थाट मांडला. खिडक्या लावल्या, छताचा पंखा बंद केला, स्वयंपाकघरातला फ्रीजसुद्धा बंद केला. प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारी वाटाण्याएवढी पेस्ट टाकली, वर ठोकळा ठेवला आणि चारही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळले. एकदा बसवून भागत नाही. पेस्ट नीट पसरली नाही तर बिचाऱ्या कूलरवर आळ येतो, म्हणून काढा, पुसा, पुन्हा बसवा, असं तीनदा. तिसऱ्या वेळी पत्र्याने बोट कापलं. ते तोंडात धरून कानसेन बसून राहिले. हे सगळं आपण कशासाठी करतो, ते क्षणभर त्यांना आठवेना.

निकाल मात्र झकास लागला. अर्धा तास प्रोसेसरला ढोरासारखं राबवलं, तरी तापमान अडुसष्टच्या वर जाईना. हातभर अंतरावर ठेवलेल्या मीटरने तर आजवरचा सगळ्यात कमी आकडा दाखवला. कानसेनांनी डोळे मिटले, कान टवकारले, चांगली पाच मिनिटं बसले. काही नाही. मग त्यांनी लिहिलं, 'आवाज नाही. खरोखरच नाही.' अलीकडे अशी वाक्यं त्यांच्या हातून वरचेवर लिहिली जात होती. पंखे सुधारलेत हो आताशा, असं ते म्हणत.

"फ्रीज लावू का आता? दूध नासेल," बायको दारात येऊन म्हणाली. आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "ही शीळ कसली?"

"कसली शीळ?"

"अहो, ही काय. बारीकशी. डास कानाशी यावा तशी."

"बाहेरून येत असेल."

ती सरळ टेबलापाशी गेली आणि पंख्यावर बोट दाखवून म्हणाली, "इथून येतेय."

कानसेनांनी तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि पंखा कधी चालू, कधी बंद करू लागले. "आली," ती म्हणायची. "गेली." दहा वेळा केलं, एकदाही चुकली नाही. ते वाकले, ठोकळ्याला जवळजवळ कान लावला. कानाच्या पाळीला वारा लागला, पण शीळ काही ऐकू आली नाही. मग त्यांनी फळीवरून गेल्या दोन वर्षांतले चार कूलर काढले, ज्यांना त्यांनी निःशब्द म्हटलं होतं. एकेकाचा पंखा लावला. बायकोच्या कानाला चारांतले दोन वाजत होते.

त्यांनी संपादकाला फोन लावला. तो हसला. "अहो, मीटर कमी दाखवतंय ना? मग झालं तर. वय झालं की कान थोडे जायचेच. तुमचं ते वाक्य तेवढं टाका आणि पाठवून द्या."

"तेच टाकता येत नाहीये," कानसेन म्हणाले.

मग त्यांनी आधीचं वाक्य खोडलं आणि नवं लिहिलं. 'बारीक शीळ आहे. मीटरवर ती आली नाही, मला ऐकू आली नाही. माझ्या बायकोला दारातून ऐकू आली. गेल्या दोन वर्षांत मी ज्यांना निःशब्द म्हटलं, त्यांच्याबाबतही माझ्यावर विसंबू नका.' तेवीस वर्षांचं नाव चार वाक्यांत धुळीला मिळालं. पाठवल्यावर आपल्याला रडू येईल असं त्यांना वाटलं होतं. आली ती नुसती झोप.

त्यांनी लिहिलेलं बायकोला वाचून दाखवलं.

"बरं केलंत," ती म्हणाली आणि शेजारच्या स्टुलावर बसली. "म्हणजे तुम्हाला ऐकूच येत नाही?"

"अगं, मगापासून तेच तर सांगतोय. जाडे आवाज येतात. बारीक निसटतात."

"माझासुद्धा?"

"तुझाही बारीकच की. समोर असलीस तर कळतं. पाठ असली माझी, तर जात असेल निसटून."

तिने हातातल्या फडक्याची घडी घातली.

"मी आतून हाका मारायचे," ती म्हणाली. "दोनदा, तीनदा. तुम्ही ओ द्यायचा नाहीत. मला वाटलं, कंटाळलात मला. म्हणून मग सोडलंच हाक मारणं."

"कधीपासून?"

"ताई गेली त्या दिवसापासून. फोन आला तेव्हा मी ओट्यापाशी होते. तिथेच खाली बसले. तिथून किती हाका मारल्या तुम्हाला. तुम्ही इथे याच खुर्चीत होतात, दार उघडं होतं. मग उठले, तोंड धुतलं आणि येऊन सांगितलं."

मेव्हणी गेल्याचा तो दिवस कानसेनांना लख्ख आठवला. बायको दारात उभी राहिली होती आणि तिने एका दमात, शांतपणे सांगितलं होतं. नंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते कौतुकाने सांगत राहिले होते, की आमची ही फार खंबीर, सख्खी बहीण गेली तरी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही.