माझ्या सहीची अँटिबॉडी

देवासच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं अँटिबॉडी बनवल्या. हार्ट अटॅक ओळखायच्या पट्ट्या आम्ही तयार करायचो; रक्ताचा थेंब टाकायचा, एक रेघ नेहमीच येते, दुसरीही उमटली तर अटॅक. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की त्यातलं एक प्रथिन रक्तात उतरतं. फक्त त्यालाच धरणारी अँटिबॉडी हवी होती. उंदराला ते प्रथिन टोचायचं, मग त्याच्या प्लीहेतल्या, अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी कॅन्सरच्या पेशींशी जोडायच्या, म्हणजे त्या मरत नाहीत, वाढत राहतात. तबकड्यांमधल्या शेकडो खळग्यांतून एकेक तपासत सात महिन्यांनी मला हवा तो पेशींचा वंश, म्हणजे क्लोन, सापडला. सगळा एकाच पेशीपासून वाढलेला. त्या दिवशी मी घरी श्रीखंड नेलं.

पुढच्याच आठवड्यात मी तीच अँटिबॉडी पायाच्या स्नायूच्या अर्कावर लावून पाहिली. तिथंही रेघ उमटली. फिकट, पण होती. म्हणजे अंगमेहनतीनं पिळून निघालेल्या माणसालाही हिनं हृदयरोगी ठरवलं असतं.

आमच्या विभागप्रमुख सरांना दाखवलं. तेही आमच्यासारखेच, देवासचे जुने मराठी.

"अगं, इतकी फिकट रेघ कोण बघतंय? जाने दे ना."

"सर, तीन महिने द्या. दुसरा क्लोन शोधते."

"माल पुढच्या महिन्यात निघतोय. ती चाचणी रिपोर्टात नको."

मी ती चाचणी वगळली आणि खाली सही केली. माझा हात कुणी धरला नव्हता.

दोन वर्षांनी धारहून मामाचा फोन आला. मामा सुतार. दोन दिवस सागवानी चौकटी उचलल्यावर त्याची छाती नि खांदे भरून आले, म्हणून तो गल्लीतल्या दवाखान्यात गेला. तिथल्या पट्टीवर दोन रेघा आल्या. पट्टीचा फोटो त्यानं मला पाठवला. ती आमचीच होती.

"तुमच्या कारखान्यातली आहे ना ही? डॉक्टर म्हणतो, अटॅक येऊन गेला. रंधा बंद, वजन उचलणं बंद."

"इंदूरला मोठ्या डॉक्टरला दाखव, मामा."

"कशाला? तू बनवलेली आहे, म्हणजे खरीच असणार."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी औषधं वेळेवर घे म्हणाले आणि फोन ठेवला.

आठ महिने तो ओट्यावर बसून राहिला. दुकान दुसऱ्याला दिलं. जिना चढताना मामीचा हात धरू लागला. शेवटी मलाच सहन होईना, मीच त्याला इंदूरला नेलं. सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "हृदय उत्तम आहे. अटॅकची कुठलीही खूण नाही."

मामा तिथंच रडला, आनंदानं. धारच्या बसमध्ये मी त्याला सगळं सांगितलं: पायाच्या स्नायूची चाचणी, सर, माझी सही.

 तो म्हणाला, "नोकरीसाठी सही केलीस, ते समजतं बेटा. पण मी फोन केला तेव्हा?"

 

पट्टी चुकीची रेघ दाखवते असं मी सरांना लेखी दिलं, तेव्हा त्यांनी माझ्याच सहीचा कागद माझ्यापुढे सरकवला. मी नोकरी सोडली. पट्ट्या अजून विकल्या जातात.

मामानं नव्यानं काम सुरू केलंय, असं ऐकते. मी फोन करते तेव्हा मामी उचलते. ते बाहेर गेलेत, म्हणते. मागून त्याचा खोकला ऐकू येतो.