काट्याची जोडणी

साठीच्या उंबरठ्यावर प्रोग्रॅमिंग शिकू लागलेल्या माणसाने त्याविषयी लिहिणे हे धाडसच आहे. वाचकांनी क्षमा करावी. आयुष्यभर महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले, पण स्वतः घडवलेली वस्तू कुणी वापरताना पाहिली नव्हती. म्हणून नेरजवळच्या एका जिनिंगने, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याने, वजनकाट्यावर जुन्याच्या जागी माझा प्रोग्रॅम लावून पाहायचे मान्य केले, तेव्हा तो निदान एक हंगाम टिकावा, एवढीच इच्छा होती.

त्यात दोन थ्रेड होते, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या दोन वाटा. एक काट्याशी बोले, दुसरा पडदा सांभाळे. काट्याची जोडणी ज्या थ्रेडने उघडली त्यानेच ती वापरावी आणि त्यानेच मिटवावी, अशी अट होती. पडद्याच्या थ्रेडकडे ती देऊ लागलो की कंपायलर, म्हणजे लिहिलेले तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा, नकार देई. अखेर जोडणी आत गुंडाळून ठेवणारे एक तयार वेष्टन सापडले. ते कुठेही न्यावे, मात्र मूळ थ्रेडवरच उघडावे. अन्यत्र हात लावल्यास प्रोग्रॅम आपण होऊन थांबतो. कंपायलर मानला.

आधीच्या गाडीचे वजन मागच्याला दिसू नये, म्हणून त्या जिनिंगमधला काटेवाला दर गाडीनंतर प्रोग्रॅम बंद करतो. घरी चाचणी घेताना मी आधी काटा थांबवून मगच पडदा बंद करत असे. त्याने थेट पडदाच बंद केला. वेष्टन पडद्याच्या थ्रेडकडेच राहिले होते, तिथेच ते मिटू लागले. आणि मिटवणे हेही हात लावणेच. प्रोग्रॅम कोसळला. जुनी जोडणी सुटलेली नाही असे समजून काटा नवी घेईना. कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत लागल्या.

“सर, तुमचा प्रोग्रॅम तुमच्यावानीच लाजते,” काटेवाला म्हणाला. “लोकं दिसले का बंद.”

आधी काटा थांबवत जा, असे मी हळूच सुचवले.

“कायले? जुना तं असाच बंद होते.”

दुपारपर्यंत जुना प्रोग्रॅम परत आला.

आता मी सारे नव्याने लिहिले आहे. जोडणी आपला थ्रेड सोडत नाही. पडदा फक्त निरोप धाडतो, काट्याचा थ्रेड उत्तर देतो आणि शेवटी तोच तिला मिटवतो. परवा फाटकापर्यंत गेलो होतो. काटेवाल्याने चहा दिला, गुडघ्यांची चौकशी केली. प्रोग्रॅमविषयी त्याने विचारले नाही, आणि मलाही सांगवले नाही. मागे गाड्या वजन करून निघत होत्या.

जिथे कुणाचे काही अडलेले नाही, तिथे हा नवा प्रोग्रॅम घेऊन मी पुन्हा जावे का?