माझ्यानंतर कुणी प्यालं नाही

प्याला भरलेलाच परत आला.

चांदीचा मुलामा दिलेला, दोन कानांचा प्याला. सगळ्या मंडळीत फिरून तो टेबलावर आला आणि पाळकसाहेबांनी त्यावर पांढरं फडकं टाकलं. शेवटचं गीत झालं. आशीर्वाद झाला. माणसं उठली, एकमेकांना सलाम करीत व्हरांड्यात चहाला गेली. मी नेहमीसारखा प्याला धुवायला आत नेला. उचलतानाच हाताला कळलं. जड होता. फडकं काढलं. मी घोट घेऊन पुढं दिला तेव्हा जेवढा होता, तेवढाच. रसात माझं तोंड दिसत होतं.

हॉलभर माणसं होती. प्रत्येकानं प्याला तोंडाला लावलेला मी बघितला होता. प्रत्येकाची मान थोडी मागं गेली होती. डोळे मिटले होते. आणि एकाच्याही घशाखाली थेंब उतरला नव्हता.

ज्यांच्या घरी मी कामाला, त्या बाई मागं येऊन उभ्या राहिल्या.

"बघतेस काय अशी? ओत मोरीत. आणि राखेनं घास. दोनदा घास."

त्या चहाकडं गेल्या. मला तो मोरीत ओतवेना. घरी आम्हाला शिकवलं होतं, प्रभूच्या मेजावरचं सांडायचं नाही, टाकायचं नाही. मी चुलीकडं तोंड केलं आणि उभ्याउभ्या सगळा पिऊन टाकला. सगळ्या मंडळीचं प्रभुभोजन एकटीनं. पोटात ते दिवसभर दगडासारखं राहिलं. मग मी प्याला घासला. दोनदा.

मी नगरकडची. आमचं गाव, आमचा वाडा, गावाबाहेरचा. माझे आजोबा महाराचे ख्रिस्ती झाले. गावानं त्यांना महारच ठेवलं, पण आम्हाला प्रार्थनेला एक पत्र्याचं देऊळ मिळालं आणि एक शाळा. त्या शाळेत मी चौथीपर्यंत गेले. आई गेली आणि शाळा सुटली. भाकरी थापायला घरात बाईमाणूस पाहिजे होतं. पुढं वडिलांच्या छातीनं दगा दिला. तेही गेले. मागं मी आणि माझी धाकटी बहीण, एस्तेर.

बाईंचे वडील मिशनातले मोठे माणूस होते, आमच्या गावाला त्यांचं येणंजाणं होतं. बाईंनी एस्तेरला नगरच्या बोर्डिंगात घातलं आणि मला अंबरनाथला आणलं, आपल्या घरी. साहेब तिथल्या कारखान्यात अधिकारी. बंगला, व्हरांडा, तगरीची झाडं. सोनिवलीचा दूधवाला सायकलवरून दूध घालायचा आणि मला 'ताई' म्हणायचा. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी ताई म्हणालं ते तिथं.

बाई वाईट नव्हत्या. हे मला लिहिलंच पाहिजे. मला विषमज्वर झाला तेव्हा त्यांनी रात्र रात्र जागून माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या. आपल्या हातानं पेज पाजली. हे मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर पुढचं सोपं झालं असतं.

त्यांचे आजोबा ब्राह्मणाचे ख्रिस्ती झालेले. बाई ते कधी बोलून दाखवत नसत. पण ते त्या घरात होतं, मीठ जसं असतं तसं.

रोज सकाळी चहाच्या आधी प्रार्थना. साहेब शास्त्रातला भाग वाचायचे, बाई अर्थ सांगायच्या. बहुतेक वेळा माझ्याकडं बघून. शिष्यानं स्वतःला नाकारायचं असतं. शिष्यानं खांद्यावर वधस्तंभ घ्यायचा असतो. शिष्यानं खालची जागा धरायची असते. मी दारात उभी राहून ऐकायची आणि मला खरोखर बरं वाटायचं. इतरांना ती खालची जागा शोधावी लागत होती. मला ती जन्मापासून मिळालेली.

अंबरनाथला तेव्हा मंडळीचं देऊळ नव्हतं. महिन्यातून एकदा कल्याणहून पाळकसाहेब यायचे आणि उपासना बाईंच्या हॉलमध्ये व्हायची. कारखान्यातले कारकून, रेल्वेतले दोघंतिघं, एक शाळामास्तर, त्यांची बायकापोरं. निम्मी माणसं माझ्याच मुलखातली, माझ्याच जातीतून आलेली. पण आता इस्त्रीचे कपडे घालणारी. खुर्च्या पुढं, सतरंज्या मागं, आणि मी स्वयंपाकघराच्या दाराशी. प्याला पुढून निघायचा, बाईंपासून. सगळ्यात शेवटी माझ्याकडं यायचा. तळाला चिमणीपुरता रस असायचा. तो मी प्यायची आणि प्याला घेऊन मोरीवर जायची. कुणी असा नियम केला नव्हता. करायची गरजही पडली नव्हती.

तो रस मीच करायची. मनुका रात्री भिजत घालायच्या, सकाळी उकळायच्या, कुस्करून धुतलेल्या धोतराच्या फडक्यातून पिळून घ्यायच्या. हातानं पिळायची. माझ्या हाताचा रस सगळ्यांना चालत होता.

मग नवे पाळकसाहेब आले. तरुण होते. त्यांना आमची बसण्याची रीत ठाऊक नव्हती. त्या दिवशी ते शिष्यत्वावरच बोलले. गुरूनं कमरेला टॉवेल बांधून शिष्यांचे पाय धुतले, ते सांगताना त्यांना रडू आलं. जो पुढं आहे त्यानं मागं जावं, म्हणाले. आणि बोलता बोलता प्याला उचलला, खुर्च्या ओलांडल्या, सतरंज्या ओलांडल्या आणि थेट माझ्यासमोर येऊन वाकले.

"बहिणी, घे."

मी बाईंकडं बघितलं. त्या समोर बघत होत्या. मी घेतला. पहिल्यांदाच भरलेला प्याला माझ्या हातात आला होता. घोट घेतला आणि शेजारच्या कारकुनाच्या बायकोला दिला. तिनं बाईंकडं बघितलं, मग प्याल्याकडं. मग ओठ लावल्यासारखं केलं. तिच्यापुढच्यानं तिच्याकडं बघितलं. असा तो प्याला पुढं पुढं गेला. खुर्च्यांपर्यंत. बाईंपर्यंत. बाईंनी रुमालानं काठ पुसला आणि तोंडाशी नेला.

शेवटी पाळकसाहेब. त्यांनी प्याल्यात बघितलं. त्यांना दिसलं असणार. नुकतेच ते टॉवेलाबद्दल रडले होते. क्षणभर थांबले. मग त्यांनीही नुसते ओठ लावले आणि फडकं टाकलं.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. कुणी पाणी पितं, चहा पितं, मी त्याच्या गळ्याकडं बघते. घाटी हलते का बघते. माणसं अवघडतात. पण नजर जातेच.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला हॉलमध्ये बोलावलं. साहेब पेपर वाचत होते.

"तुला कळायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "पाळकसाहेब नवे आहेत. तू नवी नाहीस. म्हणायचं, आधी मोठ्यांना द्या."

"त्यांनी दिला, बाई. मी घेतला."

"उलट बोलू नकोस. पुढच्या उपासनेत उभी राहा आणि मंडळीपुढं सांग की मी पायरी विसरले, मला क्षमा करा. झालं. एक वाक्य. शिष्याला नम्रता शोभते."

साहेबांनी पेपर खाली केला.

"अगं, आम्ही तुला घरातलीच मानतो," ते म्हणाले. "पण घरातसुद्धा काही रीत असतेच ना?" आणि पेपर वर केला.

बाईंचा आवाज खाली आला. त्या आवाज चढवत नसत.

"एस्तेरला बोर्डिंगात माझ्या शब्दावर ठेवून घेतलंय. हुशार आहे म्हणतात. पुढं मास्तरीण होईल. माझ्या शब्दाला काही किंमत राहू दे म्हणजे झालं."

तो महिना मी कसा काढला, मला नीट आठवत नाही. वाक्य पाठ करत होते, एवढं आठवतं. भांडी घासताना, तांदूळ निवडताना. मी पायरी विसरले. मला क्षमा करा. एस्तेरसाठी म्हणायचं. म्हटलं की झालं. आणि बाईंनी कपाळावर ठेवलेल्या त्या ओल्या पट्ट्या आठवायच्या. त्यांच्यासाठी तरी म्हणायचं.

रविवारी पाळकसाहेब लवकर आले. मागच्या दाराशी मला गाठलं.

"बहिणी, मनाला लावून घेऊ नकोस. सोसण्यात आशीर्वाद आहे. मंडळी फुटू नये एवढंच बघ."

"तुम्ही का नाही प्यालात?" मी विचारलं.

ते कॉलर नीट करू लागले. मग पुढच्या दारानं आत गेले.

उपासनेत माझं नाव घेतलं गेलं. मी उठले. दाराची चौकट धरली. वाक्य तोंडात तयार होतं. सगळ्या माना वळल्या. आणि मला त्यांचे गळे दिसले. सगळ्यांचे. कॉलरमधले, पदरातले, सोन्याच्या साखळीतले.

मी म्हणाले, "त्या दिवशी प्याला भरलेला परत आला. धुवायचं काम माझं आहे, म्हणून मला माहीत आहे. माझ्यानंतर कुणीच प्यालं नाही. पाळकसाहेब, तुम्हीपण नाही. मी प्यायले. आता ज्यांनी खोटं केलं त्यांनी उभं राहावं."

कुणी उभं राहिलं नाही. एक पोर खोकलं. बाई म्हणाल्या, "आत जा." मी आत गेले नाही. हॉलमधून, खुर्च्यांच्या मधून, पुढच्या दारानं बाहेर पडले. त्या दारानं मी आधी कधी गेले नव्हते. झाडायचीसुद्धा आतून.

रस्त्याला लागल्यावर घाबरले. कुठं जायचं ते माहीत नव्हतं. चालत चालत निर्वासितांच्या छावणीत आले. तिला आता उल्हासनगर म्हणतात. लष्कराच्या जुन्या बराकी, मध्ये पोती टांगून केलेली घरं. तिथं पापड घेऊन बंगल्यावर येणारी एक सिंधी म्हातारी राहायची. सगळे तिला दादी म्हणायचे. मी तिला झालेलं सांगितलं. ती पापड लाटत होती, लाटतच राहिली.

"एक घूंट के लिए नौकरी छोड़ दी? पागल है तू." मग म्हणाली, "तू कौन जात?"

"ख्रिस्ती."

"वो तो ठीक. उसके पहले?"

मी सांगितलं.

तिनं जरा विचार केला. "पापड़ सूखी चीज़ है. चलेगा. घड़े को हाथ मत लगाना, पानी मैं देगी."

मला हसू आलं. किती तरी दिवसांनी. दादी गं, तू तोंडावर तरी सांगितलंस. प्रभूला मध्ये ओढलं नाहीस. मी पोळपाट ओढला आणि बसले. अजून तिच्याकडंच लाटते. बराकीत पोत्याआड माझी जागा आहे. घड्याला हात लावत नाही. स्वतःचा घडा घेतला आहे.

मिशनातल्या एका ओळखीच्या माणसानं पुढं एस्तेरला अंबरनाथ स्टेशनावर आणून सोडलं. हातात पत्र्याची पेटी, दोन वेण्या, बोर्डिंगचा निळा झगा. मला म्हणाली, "आक्का, मी काय केलं? मला का काढलं?" मी पेटी उचलली. छावणीत शाळा आहेत, सिंधीतल्या. मराठी शाळा लांब. काही दिवस गेली. मग पापडाचे गठ्ठे बांधायला बसली. बोटं चपळ आहेत तिची.

मी उपासनेला जाते, बाईंच्याच हॉलमध्ये. लोकांना याचं नवल वाटतं. दादी म्हणते, तुला शरम नाही. पण मी प्रभूच्या मागं चालायला निघाले ती बाईंच्या सांगण्यावरून नाही. माझे आजोबा निघाले होते, मार खात. मी पुढच्या दारानं आत जाते आणि खुर्चीवर बसते. कुणी उठवत नाही. बाई माझ्याकडं बघत नाहीत. आता तिथं प्याला नाही. काचेचे छोटे छोटे ग्लास आणले आहेत, प्रत्येकाला वेगळा. आरोग्यासाठी, म्हणे. माझा घोट चुकवायला त्यांनी एकमेकांचासुद्धा सोडला.

परवा पाळकसाहेब बराकीत आले होते. पोतं बाजूला करून वाकून आत आले.

"बाईंचं मन मोठं आहे," म्हणाले. "अजून वेळ गेलेली नाही. तू ते एक वाक्य बोल. एस्तेरला परत घेतील."

एस्तेर गठ्ठे बांधत होती. तिचे हात थांबले. तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी आता रोज बघते, डोळे मिटले तरी.

मी म्हणाले, "पाळकसाहेब, बाईंना माझा सलाम सांगा. मला जगवलं त्यांनी, हेही सांगा. पण मी चुकले नाही."

ते गेल्यावर एस्तेर म्हणाली, "एकच वाक्य होतं गं, आक्का. माझ्यासाठी नाही बोललीस."

"नाही बोलले."

"उद्या परत विचारलं तर?"

"तरी नाही."

ती उठून बाहेर गेली. तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नाही. तिनं बोलावंच असं मी म्हणणार नाही. मागं चालणाऱ्याला किंमत द्यावी लागते, असं बाई शिकवायच्या. खरं आहे ते. पण माझी किंमत माझ्या बहिणीकडून घेतली गेली. हे मी बाईंना विसरू देणार नाही. स्वतःला विसरू देणार नाही. ज्याच्या मागं मी चालते त्यालाही रोज प्रार्थनेत तोंडावर सांगेन, आणि चालेन. मान वर करून. क्षमा मागणार नाही.