मी सांगितलेला मंगळवार

गिरडकडच्या त्या मोहाच्या झाडाबद्दल मी आजवर कुणाशी बोललो नाही. बायको विचारते, तिकडं जायचं का टाळता — मी गुडघ्यांवर ढकलतो. गुडघे बिचारे ठणठणीत आहेत.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. विजेची मोठी लाइन यायची होती आणि आखणी माझ्याकडे होती. मोहाखाली एका गोंड कुळाचे दगड उभे होते — माणूस गेलं की त्याच्या नावानं दगड रोवायचा, ही त्यांची रीत. लाइन तिथून लांबून जायची होती. माझ्या हातून कोन चुकला आणि मनोरा नेमका दगडांवर आला. कबूल केलं असतं तर आखणी पुन्हा करावी लागली असती, साहेबांसमोर शोभा झाली असती. बस, एवढंच. एवढ्यासाठी?

काम सुरू होण्याआधी नागपूरहून दोन प्राध्यापक पाहणीला येणार होते — एक जुने अवशेष बघणारे, एक झाडं. त्यांनी नको म्हटलं असतं तर लाइन वळवावीच लागली असती. हे त्या कुळातल्या सोमीबाईला मीच सांगितलं होतं, माझी चूक मला कळण्याआधी. तिच्या पोराचा दगड तिथं होता. दगडांविषयी एकट्यादुकट्यानं बोलायचं नसतं, सगळं कूळ बसावं लागतं. म्हणून तिनं दिवस विचारला. ते सोमवारी येणार होते. मी — मंगळवार सांगितला.

सोमवारी मी जीप दुसऱ्याच वाटेनं नेली. मोहाकडच्या नाल्यात गाडी रुतेल म्हणालो, प्राध्यापकांना पटलं. मंगळवारी गावोगावची माणसं मोहाखाली दिवसभर बसून होती. संध्याकाळी मी गेलो — कशाला गेलो? — आणि म्हणालो, नागपूरचे साहेब कालच पाहून गेले, काही होण्यासारखं नाही म्हणाले, मी खूप भांडलो. हे शेवटचं कुणी विचारलंही नव्हतं. त्याचीच मला सगळ्यात जास्त किळस येते.

कुणी वाद घातला नाही. मोह तुटणार म्हणून त्यांनी आपणहून दगड काढायला घेतले. सोमीबाई मला म्हणाली,

"तुमी आमच्यासाठी भांडले ना, भाऊ. माह्या पोराचा गोटा तुमीच उचला. त्याले परक्याचा हात लागू द्याचा नाई मले."

दगड लहान होता. मी तो उचलून बैलगाडीत ठेवला. तिनं पदरानं माझ्या हातांची माती पुसली, आणि मी पुसू दिली.